कोणाची हरकत नसेल तर

गुरुवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात, एका हातात मोजमापाचा व्हर्नियर आणि दुसऱ्या हातात तेलानं माखलेला जॉब, म्हणजे लेथवरून उतरलेला सुटा भाग, घेऊन उभ्या असलेल्या वृषभ मगदूमला स्वतःविषयी एक भलतीच गोष्ट कळली. आपल्याला माणसांत जायचं आहे. नुसतं जायचं आहे असं नाही, आपण त्याची वाट बघतो आहोत, सोमवारपासून. हे कळायला निमित्त झालं खिशातल्या फोनचं. ‘रविवार’ नावाच्या ग्रुपवर ब्राह्मीआक्कांचा मजकूर आला होता. ग्रुपवर एरवी महिनोन्महिने चिटपाखरू नसे, म्हणून त्यानं जागच्या जागी उघडून वाचला. ‘सर्वांस जयजिनेंद्र व नमस्कार. आपल्या मंडळास आठ महिने झाले. या काळात कोणी काहीही म्हणालेलं नाही. सर्व जण केवळ भिडेपोटी येत असावेत असं मला वाटू लागलं आहे. तेव्हा कोणाची हरकत नसेल तर येत्या रविवारी मंडळ बंद करू. – ब्राह्मी.’ वृषभनं तो दोनदा वाचला आणि हातातला धडधाकट जॉब रिजेक्टच्या ट्रेमध्ये ठेवून दिला. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. दिवसभरात त्याला दोनच शब्द बोलावे लागत, ओके आणि रिजेक्ट, आणि त्या दोन शब्दांत त्यानं कधी चूक केली नव्हती. त्यानं जॉब परत उचलला, पुसला, पुन्हा मोजला. माप बरोबर होतं. ही चूक भीतीनं म्हणावी तर भीती अशी नसते. भीतीत पाय मागं ओढतात, आणि त्याचे पाय तर आत्ताच्या आत्ता स्टँडकडे पळायला बघत होते.

आता हे दुसऱ्या कोणाच्या बाबतीत झालं असतं तर त्यात नवल नव्हतं. पण वृषभ म्हणजे, बायकोच्या शब्दांत, घरात पाहुणे आले की गच्चीवरची टाकी तपासायला जाणारा माणूस. ती टाकी बेळगावात सगळ्यांत जास्त तपासलेली टाकी असेल. लहानपणी चिकोडीकडच्या गावात वडील त्याला बाजारात बरोबर न्यायचे आणि परत येताना न चुकता ऐकवायचे, ‘‘बोलणाऱ्याचे हुलगे विकतात रं, न बोलणाऱ्याचे गहू बी विकत न्हाईत.’’ त्याला वाटे, मग विकू नयेत, गहू घरात खावेत. पुढं मोठा झाल्यावर त्यानं एक युक्ती शोधून काढली होती. लग्नकार्यात गेला की पोचल्या पोचल्या तो मठ्ठ्याची बादली ताब्यात घ्यायचा. वाढणाऱ्याला कोणी विचारत नाही की काय चाललंय, पगार किती, पोरगा कितवीत, आणि एवढा गप्प का रं. पंगतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खाली बघत जायचं, ‘मठ्ठा, मठ्ठा’ म्हणायचं, की समाजाचं ऋण फिटलं. अंगात बळ होतं तोवर त्यानं अशी शंभरेक लग्नं पार पाडली. चिकोडीच्या एका लग्नात तर मुलीच्या मामानं त्याला केटररचा माणूस समजून पुढच्या महिन्यातल्या मुंजीची तारीख विचारली, आणि नाही म्हणायचं म्हणजे आपण कोण ते सांगावं लागलं असतं, म्हणून वृषभनं मान डोलावली. ती मुंज कोणी वाढली कोण जाणे. कितीतरी दिवस त्याला रात्री आठवून घाम फुटायचा. आणि तोच माणूस आता चव्वेचाळिसाव्या वर्षी एका मंडळासाठी व्याकुळ झाला होता. चोरी सापडावी तसं त्याला झालं.

मंडळ शोधून काढलं होतं दीप्तीनं. दीप्ती त्याची बायको, तीन भिशा, दोन महिला मंडळं आणि एक भजनी मंडळ सांभाळून वर शेजारणीच्या भांडणांत पंच म्हणून जाणारी. तिनं पेपरातली चौकट कापून त्याच्या चहाच्या कपाखाली ठेवली होती. ‘कमी बोलणाऱ्यांनी दर रविवारी चार ते सहा एकत्र बसावे. निपाणी. काही विचारले जाणार नाही.’ शेवटच्या वाक्यानं त्याचा घात केला. शिवाय निपाणी म्हणजे बसनं दीड-दोन तास, तिथं आपल्याला ओळखणारं कोण असणार. तरी पहिल्या रविवारी त्यानं खबरदारी घेतली. चारची वेळ होती, म्हणून तो तीनलाच पोचला. कोणी यायच्या आत कोपऱ्यातली जागा धरावी आणि भिंतीला पाठ लावून टाकावी, म्हणजे मागून तरी कोणी बोलायला येत नाही, हा त्याचा जन्माचा हिशोब. जुन्या तंबाखूच्या वखारीचा जिना चढून वर गेला तर खोलीत दहा माणसं बसलेली. सगळी तीनच्या आधीच आलेली, आणि सगळी त्याच हिशोबानं. खोलीला कोपरे चार होते. आधी आलेल्या चौघांना ते मिळाले होते, आणि बाकीचे खोलीच्या मध्यभागी एकमेकांकडे पाठी करून, धान्याच्या पोत्यांसारखे बसले होते. वृषभ दारातच थांबला आणि आयुष्यात पहिल्यांदा एका खोलीभर अनोळखी माणसांकडं बघून त्याला हसू आलं. त्या हसण्याचं कोणी कारण विचारलं नाही.

काही विचारलं जात नव्हतं ही तर त्या जागेची खरी मौज होती. ह्या भागात माणूस भेटला की आधी ‘कुणापैकी?’ म्हणून विचारतात. मग गाव, मग आजोळ, मग सासुरवाडी, आणि चौथ्या प्रश्नाला कुठंतरी नातं निघतंच निघतं. एकदा नातं निघालं की सुटका नाही. ब्राह्मीआक्कांनी त्याला असं काहीही विचारलं नाही. त्या निवृत्त शिक्षिका होत्या, वखार त्यांच्या घरची होती. चौतीस वर्षं पोरांवर ओरडून घशाचा नुसता भाता झाला म्हणून म्हातारपणी गप्प बसायला सोबत हवी होती, एवढंच त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं. सगळ्यांना घोटभर चहा दिला आणि खिडकीपाशी वाचत बसल्या. सहा महिन्यांनी दीप्तीकडूनच वृषभला कळलं की ब्राह्मीआक्का म्हणजे त्याच्या सख्ख्या आत्याच्या जाऊबाईंची बहीण. आक्कांना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तोंडावळ्यावरूनच ओळखलं होतं म्हणे, आणि सहा महिने त्यांनी ते पोटात ठेवलं होतं. हे कळलं त्या दिवशी त्याचा ऊर भरून आला. आईखेरीज कोणी आपल्यावर एवढी माया केल्याचं त्याला आठवेना.

मंडळाला नाव नव्हतं, कारण नाव सुचवायला कोणीतरी बोलायला हवं होतं. दोन तासांत कोणी वाचायचं, कोणी विणायचं. गुणाबाई म्हणून संकेश्वरच्या एक बाई वाती वळायच्या. खानापूरकडचा भरमू, बेळगावात एका बँकेत शिपाई होता, तो पिशवीतून घरच्या भुईमुगाच्या शेंगा आणायचा, मधोमध ओतायचा आणि फोडत बसायचा. हळूहळू बाकीचेही हात पुढं करून फोडायला लागले. टरफलांचा तेवढा आवाज. वृषभ काही करायचा नाही. तो नुसता बसायचा आणि त्याला ऐकू यायचं, अकरा माणसांचा श्वास, खालच्या रस्त्यावरची एखादी रिक्षा, कौलांवर उड्या मारणारी माकडं, आणि कुठंतरी खोलवर आपण स्वतः. घरी, कारखान्यात तो गप्प असायचा तेव्हा ते गप्प बसणं लोकांच्या नजरेला नजर न देता, चोरून असायचं. इथं ते उघड्यावर होतं. सहाला सगळे उठायचे, जैनांना दिवस मावळायच्या आत जेवायचं असे, आणि न बोलता पांगायचे. परतीच्या बसमध्ये भरमू त्याच्या पुढच्या सीटवर बसायचा, आठ महिने, दर रविवारी, कधीही शेजारी नाही. एकदा भरमू आला नाही तर पुढची रिकामी सीट बघत वृषभला बेळगावपर्यंत करमलं नाही. दीप्तीला हे सगळं सांगण्यासारखं काहीच नव्हतं. ‘‘काय केलं आज?’’ ती विचारायची. ‘‘बसलो,’’ तो म्हणायचा. ‘‘आणि?’’ ‘‘शेंगा खाल्ल्या.’’

आणि हे सगळं आता बंद होणार होतं. कशानं, तर कोणी काही म्हणालं नाही म्हणून! वृषभला आक्कांचा रागही आला आणि गंमतही वाटली. गप्प बसणाऱ्यांचं मंडळ जिनं काढलं, तिनंच आपल्या गप्प बसण्याचा अर्थ जगानं काढावा तसा काढला होता. कंटाळलेत, भिडेनं येतात. आणि वर ‘कोणाची हरकत नसेल तर’! ह्या अकरा जणांत हरकत घ्यायला तोंड उघडणार कोण? अंगावर गरम चहा सांडला तरी असू दे, असू दे म्हणणारी ही माणसं. गेल्या महिन्यात भरमूच्या पायावर कोणीतरी खुर्ची ठेवली होती आणि तो पाऊण तास तसाच बसला होता. मंडळ बुडालं, वृषभच्या मनात आलं, आणि बुडवलं आपण, आपल्या जिभेनं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार तो एक वाक्य जुळवत राहिला. रविवारी सकाळी दाढी करताना गुणगुणतोय हे दीप्तीनं पकडलं. ‘‘अहो, बारशाला चला म्हटलं की तुमच्या पोटात दुखतंय, आणि ह्या मुक्यांच्या जत्रंला इस्त्रीचा शर्ट?’’ तो म्हणाला, ‘‘आज बोलायचं हाय.’’ दीप्तीच्या हातातली उलथणी तशीच राहिली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. तिनं नुसतं त्याच्या कॉलरचं टोक सरळ केलं.

बस गच्च होती. ‘‘मुंद होगरी, मुंद होगरी,’’ पुढं सरका, असं कानडीत ओरडत कंडक्टर माणसांना आत ढकलत होता, आणि वृषभ दांड्याला लोंबकळत ओठातल्या ओठात म्हणत होता, ‘माननीय आक्का व उपस्थित सदस्य, मंडळ बंद करण्याच्या प्रस्तावास माझी नम्र हरकत आहे, कारण...’ कारणाशी आला की अडखळायचा. कारणं पुष्कळ होती, पण तोंडाशी आली की ती लग्नपत्रिकेतल्या मजकुरासारखी व्हायची. काकती गेलं, हत्तरगी गेलं. शाळेत एकदा भाषणाला उभं केलं होतं, पाचवीत, तेव्हा ‘अध्यक्ष महाशय’ एवढंच म्हणून तो खाली बसला होता आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, त्या टाळ्या अजून कानशिलाखाली गरम व्हायच्या. पण आज गंमत अशी, की ती आठवणही त्याला अडवत नव्हती. घाट लागला, वारा आत आला, आणि त्याला एकदम खूप बरं वाटलं. आपल्याला काहीतरी हवं आहे! आजवर त्याला नकोच असायचं सगळं, पाहुणे नकोत, सत्कार नको, फोटोत पुढं नको. हवं म्हणण्यात एवढी मजा असते हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. पुढं चार माणसं सोडून भरमू उभा होता. त्याचेही ओठ हलत होते. वृषभला वाटलं, जप करत असेल.

वखारीत सगळे वेळेच्या कितीतरी आधी येऊन बसले होते. शेंगा आज कोणी ओतल्या नाहीत. आक्का खिडकीपाशी उभ्या होत्या, चष्मा हातात. चार वाजले तशा त्या म्हणाल्या, ‘‘मी लिवलंच हाय. लई लांबवत न्हाय. कुणाची हरकत न्हाय न्हवं?’’

वृषभनं श्वास घेतला, उठला आणि म्हणाला, ‘‘माननीय आक्का...’’ आणि त्याच क्षणी बाकीची दहाच्या दहा माणसं उठली आणि बोलायला लागली. सगळ्यांनी वाक्यं पाठ करून आणली होती. गुणाबाईंनी तर कागद आणला होता. आठ महिन्यांत ज्या खोलीत टरफलापेक्षा मोठा आवाज झाला नव्हता तिथं अकरा भाषणं एकदम सुटली, प्रस्ताव, विनंती, हरकत, नम्र, सविनय, असा कालवा उठला की कौलांवरची माकडं पळाली. आणि प्रत्येकाच्या लक्षात आलं की दुसराही बोलतोय, तसे सगळे एकदम थांबले. ‘‘तुमी बोला की.’’ ‘‘न्हाय न्हाय, आधी तुमी.’’ ‘‘माझं काय न्हाय विशेष.’’ आणि अकराच्या अकरा खाली बसले.

‘‘मला काय बी कळलं न्हाय,’’ आक्का गोंधळून म्हणाल्या. ‘‘एकेकानं सांगा.’’

एकेकानं! वृषभनं खोलीभर नजर टाकली. माना खाली, हात मांडीवर. भरमूचा कान लालबुंद झाला होता. गुणाबाईंनी कागदाची घडी घालायला घेतली होती, चार घड्या, मग आठ. ती घडी पुढच्या क्षणी पिशवीत जाईल आणि सगळं संपेल हे त्याला इतकं लख्ख दिसलं, की कधी उभा राहिला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. जुळवलेलं वाक्य साफ पुसलं गेलं होतं. माननीय नाही, प्रस्ताव नाही, काही नाही. ‘‘आक्का,’’ तो म्हणाला, आवाज चिरकला, ‘‘मला हितं यायचं असतंय.’’ मग त्याला वाटलं की एवढ्यावर भागणार नाही. ‘‘मला कुठंच जायचं नसतंय. हितं यायचं असतंय. सोमवारपास्नं.’’

मग भरमू खाली बघतच म्हणाला, ‘‘मी तर शनिवारी रातच्याला झोपतच न्हाय, आक्का.’’

आक्का मटकन खुर्चीत बसल्या. ‘‘मग आठ म्हैने सांगायचं न्हाय व्हय रं!’’

‘‘तुमी इचारलंच न्हाय,’’ गुणाबाई म्हणाल्या.

‘‘न इचारायचं म्हणूनच तर मंडळ काढलं की बाई!’’ आक्का म्हणाल्या, आणि त्यांना हसू फुटलं. आधी त्यांना, मग गुणाबाईंना, मग सगळ्या खोलीला. भरमू हसताना आवाज करत नव्हता, नुसता खांदे उडवत होता. वृषभ डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. आणि मग जे सुरू झालं ते काही विचारू नये. धरणाचं दार उघडल्यासारखी माणसं बोलायला लागली. भरमूनं पायावरच्या खुर्चीची हकीकत सांगितली आणि खुर्ची ठेवणारा तोंड झाकून माफी मागायला लागला. गुणाबाईंनी आठ घड्यांचा कागद उलगडून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. वृषभनं बादलीची गोष्ट सांगितली, मुंजीच्या तारखेसकट, वीस वर्षांत पहिल्यांदा, आणि ती अर्ध्यावर असतानाच तिघेजण ओरडले की आपणही असंच करतो, एक जण मिठाची वाटी, एक जण पाण्याचा जग, आणि भरमू तर चपला सांभाळायला बसतो. सहा वाजले, दिवस मावळला, जैन मंडळींची जेवणाची वेळ टळली, कोणाला भान नव्हतं. परतीच्या बसमध्ये भरमू पहिल्यांदा त्याच्या शेजारी बसला आणि म्हशीच्या आजारपणाविषयी थेट बेळगाव स्टँडपर्यंत बोलला. अनगोळच्या घराचा जिना चढताना वृषभला वाटलं, आपण तरंगतो आहोत. दीप्तीनं विचारलं, ‘‘काय केलं आज?’’ आणि त्यानं दीड तास सांगितलं.

सोमवारी त्याचं अंग मोडून आलं. ताप नव्हता, पण घसा, जबडा, डोळ्यांच्या मागची जागा, सगळं शिणलं होतं. लेथची घरघर सहन होईना, ओके म्हणायचं ते तो मानेनं सांगू लागला. बुधवारी जरा बरं वाटलं. पण शुक्रवारी त्याच्या मनात आलं की परवा पुन्हा जायचं, पुन्हा सगळे बोलतील, म्हशीचं पुढं काय झालं ते विचारावं लागेल. आपणच उभं राहून हट्टानं वाचवलेलं मंडळ, आणि आपल्यालाच आता तिकडं जायला नको वाटतंय. त्याला स्वतःची शिसारी आली. रविवारी दुपारी तो इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाला, बूट घातले, आणि गच्चीवर जाऊन टाकी तपासत बसला. साडेतीन झाले. चार झाले. आता ते दहा जण जमले असतील, आपल्या जागेकडं बघत असतील, कोणी म्हणेल, बोलून गेला आणि आलाच नाही. त्या विचारानं त्याला रडू यायचं बाकी राहिलं. सव्वाचारला त्यानं फोन काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा ग्रुपवर लिहिलं, ‘क्षमस्व. आज येणं झालं नाही.’

मग गुणाबाई, ‘मी पण घरीच आहे.’ मग एक जण, ‘मीही. डोकं दुखत होतं.’ मग दुसरा, तिसरा, ‘थोडी विश्रांती घ्यावी म्हटलं’, ‘गेल्या वेळी फार झालं’, ‘मला वाटलं मी एकटाच’. वृषभ टाकीला टेकून उभा राहिला आणि बोटावर मोजत गेला. नऊ झाले. साडेचारला आक्कांचा मजकूर आला. ‘मी खोलीचं कुलूप उघडलंच नाही. तुम्ही सगळे येऊन बोलाल या धास्तीनं सकाळीच स्तवनिधीला देवळात येऊन बसले आहे. मला माफ करा.’ स्तवनिधी म्हणजे निपाणीच्या अलीकडं घाटातलं क्षेत्र, बस तिथं थांबते. राहिला होता भरमू एकटा. त्याचं उत्तर यायला पाच मिनिटं लागली. ‘आक्का, मी निघालो होतो. पण निपाणीपर्यंत यायचा धीर होईना म्हणून स्तवनिधीलाच उतरलो. तुम्ही दिसलात. मी मागच्या खांबाआड बसलो आहे. दोन तास झाले. बोललो नाही.’

आक्कांनी लिहिलं, ‘बरं केलंस. बस तिथंच.’

वृषभ गच्चीवरून दोन-दोन पायऱ्या गाळत खाली धावला. ‘‘दीप्ती! अगं दीप्ती! कोणीच गेलं न्हाय! एक माणूस गेलं न्हाय!’’ दीप्ती बाहेर आली, बघते तर नवरा बूट घालून स्वयंपाकघराच्या दारात उभा, चेहरा फुललेला. ‘‘म्हंजे मंडळ बुडालं की वो,’’ ती काळजीनं म्हणाली. तो नुसता मान हलवत हसत राहिला, आणि तिला कसं सांगावं ते न कळून त्यानं आयुष्यात पहिल्यांदा आपणहून विचारलं, ‘‘तुझ्या भजनी मंडळात एखाद्या दिवशी कोणीच आलं न्हाय तर तुला असं हलकं वाटतंय काय गं?’’